तलंगेची अन्नपिशवी पहाटे रिकामी नसेल तर

प्रश्न अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. घरामागच्या खुराड्यात चार गावठी तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या आहेत. त्यांतली एक, साधारण साडेचार महिन्यांची, दोन दिवसांपासून पिसे फुलवून कोपऱ्यात बसते. दाण्याला तोंड लावत नाही, पाण्यापाशी मात्र जाते. शीट पातळ, हिरवट-पांढरी. गळ्याखाली लिंबाएवढी गाठ हाताला लागते. पडवीत वेचणीचा कापूस पडला आहे आणि कोंबड्या त्यात चोची मारतात, हेही त्यांनी आठवणीने लिहिले आहे. घरचे म्हणतात तेल पाजा, शेजारच्या आजी म्हणतात उलटी धरून गळा पिळा, आणि मेडिकलमधून माणसांच्या जुलाबाची गोळी आणून ठेवली आहे. यातले काय करू?

ताई, आज रात्री यातले काहीच करू नका. तेल नको, उलटे धरणे नको, गोळी तर नकोच. ती गोळी आतड्याची हालचाल थांबवते, आणि तुमच्या कोंबडीची अडचण बहुतेक हीच आहे की तिचे पोट पुढे सरकत नाही.

आज एवढेच करा. तिला बाकीच्या तिघींपासून वेगळी करा, म्हणजे टोचणार नाहीत आणि आजार संसर्गाचा असला तर पसरणार नाही. मोठी टोपली किंवा पुठ्ठ्याचा खोका चालेल. खाली तूस-भुसा घालू नका, जुने वर्तमानपत्र घाला. रात्रभरात किती शीट पडली, कशी पडली, हे सकाळी कागदावर स्वच्छ दिसते, भुशात हरवते. दाणा काढून घ्या, पाणी राहू द्या. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि आजारी पाखराला ते सोसत नाही. कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ ते ४२ अंश असते आणि न खाता ती राखायची तर तिला अंगातली चरबी-मांस जाळावे लागते. म्हणून टोपलीच्या एका बाजूला ६० वॅटचा पिवळा बल्ब सुरक्षित अंतरावर लावा आणि दुसरी बाजू मोकळी ठेवा, गरम झाले तर तिला सरकता आले पाहिजे. स्वयंपाकघरात काटा असेल तर वजनही करून लिहून ठेवा.

आणि उद्या पहाटे, तिने काही खायच्या आत, गळ्याखालची पिशवी हाताने चाचपा. पुढचे सगळे त्या हातावर ठरणार आहे. मी सव्वीस वर्षे चोपडा-यावल पट्ट्यात जनावरांच्या दवाखान्यात काढली. कोंबडी घेऊन आलेल्या माणसाला मी औषधाआधी हेच विचारायचो की सकाळी पिशवी कशी होती. दहांतल्या नऊ जणांनी हात लावलेला नसायचा, पण तेल पाजून झालेले असायचे.

तेलाला मी एवढा का घाबरतो, ते तुम्ही स्वतः पाहू शकता. दिवसाउजेडी एखाद्या धडधाकट कोंबडीची चोच दोन बोटांनी हळूच उघडा. बाणाच्या टोकासारखी जीभ दिसेल. जिभेच्या मुळाशी, अगदी लागून, एक उभी फट दिसेल, जी श्वासाबरोबर उघडते आणि मिटते. ती श्वासनळी. आपल्यासारखे तिच्यावर झाकण नसते. पाजलेला चमचाभर द्रव घाईत तिथे गेला की सरळ फुप्फुसात. पाणी गेले तर एखादी खोकून वाचते, तेल गेले तर ते तिथेच बसते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः एका घरी तलंग उलटी धरून पिशवीतले पाणी काढायला गेलो. पाणी आले, सोबत दोन आचके आले, आणि ती माझ्या हातात गेली. शेजारी त्या घरची लहान मुलगी उभी होती. तेव्हापासून मी कुणाला कोंबडी उलटी धरू दिलेली नाही. तज्ज्ञ डॉक्टर कधी नळीने पिशवी रिकामी करतात, पण ते नळी कुठून जाते हे ओळखून करतात.

आता ही पिशवी काय आहे ते थोडक्यात. कोंबडीला दात नाहीत. दाणा गिळला की तो आधी छातीच्या वर, गळ्याच्या तळाशी, थोडा उजव्या बाजूला असलेल्या अन्नपिशवीत साठतो आणि तिथे भिजतो. तिथून थोडा थोडा खाली पाचकरस सुटणाऱ्या लहान पोटात जातो आणि मग पेट्यात. कलेजी-पेटा खाणाऱ्या प्रत्येकाने पेटा चिरल्यावर निघणारे खडे पाहिलेले असतात, तेच तिचे दात. तिथे दळण झाले की पुढे आतडे. संध्याकाळी कोंबडी पिशवी भरून खुराड्यात चढते आणि रात्रभर ते दळण चालू असते. म्हणून निरोगी कोंबडीची पिशवी संध्याकाळी फुगलेली आणि पहाटे रिकामी, सैल असते.

यावरून एक लक्षात घ्या. संध्याकाळी गळ्याखाली गाठ लागणे हा आजार नाही. “डॉक्टरसाहेब, कोंबडीना गया सुजेल शे,” म्हणजे कोंबडीचा गळा सुजला आहे, असे घाबऱ्या आवाजात सांगत कितीतरी आजी संध्याकाळी दारात यायच्या, आणि निम्म्या वेळा ती पोटभर बाजरी खाल्लेली धडधाकट कोंबडी असायची. तुमच्या तलंगेने दोन दिवस खाल्ले नाही आणि तरी गाठ आहे, म्हणून मी हे गंभीर धरतो.

चाचपायचे असे. तिला डाव्या बगलेत धरा, तिचे तोंड तुमच्यासारखेच समोर. पंख दाबून राहिले की ती शांत होते. उजव्या हाताची बोटे मानेवरून खाली छातीकडे सरकवा. पिशवी रिकामी असेल तर बोटांना नुसती सैल कातडी लागते, फारतर दोन-चार दाणे. भरलेली पण मऊ, दाणे वेगवेगळे लागणारी असेल तर अन्न फक्त हळू सरकते आहे, दोन-तीन तासांनी पुन्हा पाहा. घट्ट, कणकेच्या गोळ्यासारखी किंवा चेंडूसारखी लागली, बोट दाबले तर खड्डा तसाच राहिला, तर तुंबली आहे. आणि पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी डुचमळत असेल आणि चोचीजवळ नाक नेल्यावर आंबूस, शिळ्या ताकासारखा वास आला तर आंबली आहे. तुंबणे आणि आंबणे एकाच कोंबडीत एकामागोमागही होते, कारण अडकलेल्या चोथ्याभोवतीचे अन्न आणि पाणी सडू लागते.

तुम्ही पडवीतल्या कापसाचे लिहिले म्हणून माझा पहिला संशय तुंबण्यावर आहे. कोंबडी पाण्याकडे जाते, खात नाही, शीट हिरवट आहे, हे सगळे त्याला जुळते. हिरवा रंग पित्ताचा. पोटात अन्न येत नसले की पित्त तसेच उतरते. कोंबडी सरकी टिपायला जाते आणि तिच्याबरोबर धागा गिळते. धागा पचत नाही, पेट्यात दळला जात नाही, आणि पिशवीच्या तोंडाशी वात वळल्यासारखा पीळ घेतो. पोत्याची सुतळी, प्लास्टिकची दोरी, वाळलेले लांब गवत, केळीच्या खांबाचे सोपट, सगळे असेच. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत सोडलेल्या कोंबड्यांत सोपटाचे तुंबणे मी पुष्कळ पाहिले, तुमच्याकडे अमळनेर-पारोळ्यात कापूस.

तुंबले असेल तर दाणा पहाटेपासून आणखी बारा तास बंद, पाणी कोमट आणि हवे तेवढे. तेल द्यायचेच असेल तर तिने आपणहून गिळले पाहिजे. भाकरीचा हरभऱ्याएवढा तुकडा शेंगदाणा तेलात भिजवून समोर ठेवा, असे दोन-तीन तुकडे. घेत नसेल तर ड्रॉपरने चोचीच्या कडेवर एक थेंब सोडा, तो तिला गिळू द्या, मग दुसरा. सगळे मिळून दोन मिलीच्या वर जाऊ नका, आणि चोच वर धरून ओतणे तर कधीच नको. मग पाच मिनिटे पिशवी चोळा. कणीक तिंबल्यासारखी नाही, रसासाठी आंबा बोटांनी सैल करतो तशी, गोळा आतल्या आत फुटेल एवढ्याच जोराने. गळ्याकडे वर ढकलू नका. दिवसातून तीन-चार वेळा करा, दर वेळी आधी आणि नंतर गाठ कशी लागते ते ध्यानात ठेवा. साध्या दाण्याचा किंवा भिजलेल्या भाताचा गोळा असेल तर चोवीस तासांत तो मऊ पडून लहान होतो आणि कागदावरची शीटही वाढते. तसे झाले की पहिले दोन दिवस पातळ भिजवलेला भरडा, उकडलेल्या अंड्याचा चुरा, थोडे थोडे चार वेळा. अख्खा दाणा नंतर.

धाग्याचा गोळा चोळून जात नाही, ही माझी अनुभवाची गोष्ट आहे. दुसऱ्या पहाटेही गाठ तशीच घट्ट असेल तर वाट पाहू नका, दवाखान्यात न्या. धरणगावकडची एक तलंग आमच्याकडे आली होती, दहा दिवस तेल पिऊन वाळून काटक झालेली. डॉक्टरांनी पिशवीवरची पिसे उपटली, कातडी बधिर केली आणि दोन बोटे रुंदीचा छेद घेतला. कातडी कागदासारखी पातळ, तिच्याखाली पिशवीची वेगळी भिंत. चिमट्याने आधी काळपट कापसाची वात निघाली, मग ती संपेचना. ओढत गेलो तशी तिच्यात गुंतलेली सुतळी, दोन सरक्या आणि ठिबकच्या नळ्या बांधायच्या दोरीचा वीतभर तुकडा. मुठीएवढा तो गोळा ताटलीत ठेवला तर खोलीभर आंबूस वास. आत कोमट पाण्याने धुऊन पिशवीचे टाके वेगळे, कातडीचे वेगळे घातले. तासाभरात ती पाण्याकडे गेली, आठवड्याने हिंडू लागली. शस्त्रक्रिया लहान आहे, पण ती घरी ब्लेडने करायची नाही. पिशवी आणि कातडी एकत्र शिवली की भरत नाही, आणि जंतुसंसर्ग होतो तो निराळाच.

आंबली असेल तर प्रकार वेगळा आहे. इथे बुरशीची वाढ झालेली असते, कॅन्डिडा नावाची. ती थोडी सगळ्यांच्या पोटात असते, पण रात्रीचा ओला भरडा भांड्यात सकाळपर्यंत राहिला, पाण्याचे भांडे शेवाळले, किंवा विनाकारण प्रतिजैविक दिले की तिला रान मोकळे मिळते. गोळ्या आणून पाण्यात घालायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि जुलाब थांबवायला दिलेल्या औषधानेच पिशवी आंबते. आंबलेल्या पिशवीला दिवसभर उपास द्या, पाणी दिवसातून तीन वेळा बदला. गूळपाणी, साखरपाणी देऊ नका, बुरशीला तेच हवे असते. दुसऱ्या दिवसापासून उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि चमचाभर ताजे, आंबट न झालेले दही. दूध नको, दुधातली साखर कोंबडीला पचत नाही. पिशवी दोन दिवसांत उतरली नाही तर डॉक्टर बुरशीवरचे निस्टॅटिन वजनाप्रमाणे देतात. काही जण मोरचूद पाण्यात घालतात. मोरचूद जुने औषध आहे हे खरे, पण त्याचे प्रमाण अर्ध्या ग्रॅमच्या इकडेतिकडे चुकले तरी विष होते. अंदाजाने चिमूटभर टाकायची ती वस्तू नाही.

पिशवी पहाटे रिकामी निघाली तर दुखणे खाली आहे, आणि आता कागदावरच्या शीटकडे वळा. हे वाचायला शिकलात तर पुढची दहा वर्षे तुम्हाला उपयोग होईल.

चांगली शीट तपकिरी-करडी, बांधीव आणि वर पांढरी टोपी. ते पांढरे म्हणजे तिची लघवी, कोंबडीला लघवीची वेगळी वाट नसते. आठ-दहा शीटांमागे एक गडद तपकिरी, चिकट, डिंकासारखी आणि घाण वासाची पडते. ती आतड्याच्या दोन आंधळ्या पिशव्यांतून येते, आणि नवीन माणूस तिलाच जुलाब समजतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा, कोंबडी दुप्पट-तिप्पट पाणी पिते आणि शीट पाण्यासारखी होते, पण ती खेळती असते आणि तुरा लाल असतो. त्याला औषध नाही, सावली आणि गार पाणी लागते. नारिंगी-गुलाबी बारीक पापुद्रा एखाद्या वेळी दिसला तर तो आतड्याच्या अस्तराचा, त्यानेही घाबरू नका.

पण रक्त दिसले, लाल किंवा विटकरी-चॉकलेटी, तर रक्ती हगवण समजा आणि त्याच दिवशी औषध सुरू करा. हा एका सूक्ष्म परजीवीचा आजार आहे. त्याची अंडी शीटेतून ओल्या भुशात पडतात, ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात, आणि चोचीतून पोटात गेली की चार-सहा दिवसांत आतड्याची भिंत फाडतात. पिल्लांत तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात जास्त, पण घरच्या चार पाखरांत वाढलेली तलंग बाजारातून आणून जुन्या खुराड्यात सोडली की चार-पाच महिन्यांनाही तो होतो, कारण त्या जागेच्या जंतूशी तिची ओळख नसते. आपल्याकडे जुलै-सप्टेंबरात याची लाट येते, आणि हिवाळ्यात पाण्याच्या भांड्याभोवती भुसा ओला राहत असेल तर तेव्हाही.

औषध अँप्रोलियम. २० टक्क्यांची पावडर असेल तर एका लिटर पाण्यात १.२ ग्रॅम, पाच दिवस. पाणी रोज नवे करायचे आणि खुराड्यात दुसरे पाणी ठेवायचे नाही. चौघींनाही द्या, कारण एकीला झाले म्हणजे बाकीच्यांनी तोच भुसा टिपलेला असतो. हे औषध त्या परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणून त्याच पाच दिवसांत कुणाच्या सांगण्यावरून बी-कॉम्प्लेक्स पाण्यात घालू नका, औषधाचे काम बिघडते. जीवनसत्त्व नंतर. जी पाणीच पीत नाही तिला पाण्यातले औषध पोचणार कसे? तिच्यासाठी डॉक्टर हवेत. फिनेल शिंपडून या परजीवीची अंडी मरत नाहीत. भुसा काढून लांब टाका, जमीन खरवडा आणि उन्हात कडक वाळू द्या. खानदेशचे ऊन इथे फुकटचे औषध आहे. हळद-लसूण खाद्यात घातल्याने अपाय नाही, पण त्यावर विसंबून रक्ती हगवणीचे पहिले दोन दिवस घालवले तर कोंबडी जाते. जुलाबाने सुकलेल्या पाखराला माणसांच्या ओआरएसचे पाकीट सांगितल्याच्या दुप्पट पाण्यात कालवून एखादा दिवस देता येते. कोंबडीला मीठ जास्त सोसत नाही, म्हणून दुप्पट पाणी.

जंतांची शीट कधी पिवळसर-फेसाळ, कधी नुसती पातळ असते, आणि कधी शेवयांसारखा पांढरा किडाच पडतो. तांदळाच्या कणीसारखे तुकडे हलताना दिसले तर चपटा जंत. गोल जंताची अंडी जमिनीतून येतात, चपटा जंत मुंग्या, किडे, माश्या, गोगलगायी खाऊन होतो, त्यामुळे मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला कधी ना कधी होणारच. पाइपराझिन फक्त गोल जंतावर चालते. चपट्यासाठी दुसरे औषध लागते, म्हणून दुकानदाराला “जंताचे द्या” एवढे सांगून भागत नाही. ताजी शीट दवाखान्यात नेली तर सूक्ष्मदर्शकाखाली दहा मिनिटांत कळते. तुमच्या तलंगांना अंड्यावर येण्याआधी, साधारण सोळा-अठरा आठवड्यांना, एकदा जंतांचे औषध द्यायलाच हवे, पण बरी असताना. पिशवी तुंबलेल्या कोंबडीला आज जंताचे औषध पाजून उपयोग नाही, ते पिशवीतच पडून राहील.

हिरवी शीट आणि सोबत श्वासाची घरघर, पंख लोंबणे, मान वाकडी होणे, किंवा तिघींपैकी आणखी एखादी मलूल दिसणे, ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची चाहूल आहे. याला उपचार नाही, फक्त लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात-नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचे इंजेक्शन. तुमच्या तलंगांना शेवटचे इंजेक्शन मिळाले का, हे ज्यांच्याकडून आणल्या त्यांना विचारा. बहुतेक वेळा तेच राहिलेले असते. आणि दोन दिवसांत तीन-चार पाखरे पटापट मेली, तुरे निळे-काळे पडले, तर मेलेले पाखरू कापू नका, उकिरड्यावर टाकू नका, आठवडे बाजारात बाकीची विकायला नेऊ नका. सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आपल्याच नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, आणि २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. त्या दिवसांत लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, घरातल्या चार-दोन पाळणाऱ्यांच्याही गेल्या. वेळेवर कळवण्यात लाज किंवा भीती बाळगू नका.

छातीचे मधले हाडही चाचपून पाहा, हे सांगायचे राहिले. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर आजार खरोखर दोन दिवसांचा. ते हाड सुरीच्या पात्यासारखे वर आलेले असेल तर ताई, कोंबडी दोन दिवस नाही, पंधरा दिवस आजारी आहे. ती दाखवत नव्हती, एवढेच. कळपात अशक्त दिसणाऱ्या पाखराला बाकीच्या टोचतात, म्हणून ती शेवटपर्यंत दाण्यापाशी उभी राहते, चोच मारल्यासारखे करते, खात मात्र नाही. साडेचार महिन्यांची गावठी तलंग साधारण किलोच्या आसपास हवी, सातशे ग्रॅम भरली तर जंत किंवा जुना आजार शोधायला लागतो.

तिच्या वयामुळे आणखी तीन गोष्टी बघून घ्या. पहिली, अंडे अडकणे. गावठी तलंग सहसा साडेपाच-सहा महिन्यांनंतर अंड्यावर येते, पण चांगल्या खाद्यावर काही लवकर येतात. तुरा लालभडक झाला असेल, हात लावला की दबून बसत असेल, शेपटी खाली टाकून उभी राहून जोर करत असेल, तर पोटाचे दुखणे समजून फसू नका. बोटाने मागच्या दोन हाडांमधले अंतर पाहा. दोन बोटे बसत असतील तर अंडे जवळ आहे, आणि जोर करूनही येत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरी, खाद्य. लवकर अंडी मिळावीत म्हणून तीन-चार महिन्यांपासूनच लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य, घालणारी घरे मी पाहिली आहेत. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असते, वाढत्या तलंगेला एक टक्का पुरे. जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंड खराब होते आणि शीट कायम पाणचट-पांढरी राहते. कितीही औषधे दिली तरी ती सुधारत नाही, कारण रोजच्या भांड्यातच कारण असते. पहिले अंडे दिसेपर्यंत ग्रोअर, म्हणजे वाढत्या पाखरांचे खाद्य, किंवा घरचा मका-बाजरीचा भरडा, शेंगदाणा पेंड आणि मोकळे चरणे चालते.

तिसरी सांगायला जड जाते. पिशवी एकदा मोकळी झाली, पुन्हा तुंबली, पुन्हा मोकळी झाली, आणि एक पाय पुढे एक मागे असा टाकून ती बसू लागली, तर तो मरेक आजार असू शकतो. तीन ते सहा महिन्यांच्या तलंगांतच तो जास्त दिसतो, पिशवीला चालवणाऱ्या नसेवर तो बसतो, म्हणून पोटाचे औषध लागू पडत नाही. त्यावर इलाज नाही, लस पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवशीच देतात. अशा कोंबडीला तेल आणि उपास यांत आणखी हाल देऊ नये.

कापसाच्या घरात मला अजून एका गोष्टीची धास्ती वाटते. पेरणीतून उरलेले सरकीचे बी लाल-निळ्या औषधात घोळलेले असते. ते पुडक्यात कोपऱ्यात राहते आणि कोंबडी फोडून खाते. फवारणीचे पाणी, पंप धुतलेले डबके, तेही तसेच. चोचीतून लाळ गळणे, थरथर, पिशवी भरलेली आणि पाय लुळे, हे तासाभरात आले असेल तर तो पोटाचा आजार नव्हे, विषबाधा. औषधाच्या पुडक्यावरचे नाव वाचून किंवा पुडकेच सोबत घेऊन पळा. डॉक्टरला उतारा त्या नावावरून ठरवता येतो. अशी कोंबडी कापून खाऊ नका.

तुमची तलंग बरी झाली की पडवीतल्या कापसाला आडोसा करा. जुनी साडी बांधलेली चालणार नाही, तिचेच धागे निघतात, फळी किंवा पत्रा लावा. आणि बोरी नदीची जाड वाळू, गव्हाच्या दाण्याएवढे खडे असलेली, एका मडक्याच्या खापरात कायम ठेवा. सिमेंटच्या ओट्यावर वाढणाऱ्या कोंबडीला पेट्यासाठी खडे मिळत नाहीत, मग दाणा दळला जात नाही आणि मागे पिशवी साचते. शिंपल्याचा चुरा त्याऐवजी चालत नाही, तो पोटात विरघळून जातो. खडा टिकायला हवा.

उद्या पहाटे पिशवी चाचपल्यावर घट्ट लागली तर वर सांगितल्याप्रमाणे एक दिवस करून पाहा. परवा पहाटेही तशीच असेल, किंवा उद्याच रक्त दिसले, मान वाकडी झाली, किंवा ती उभी राहीना, तर १९६२ वर फोन करा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा तो मोफत क्रमांक आहे. दवाखान्यात नेताना टोपलीवर कापड टाका, रात्रीच्या शीटेतली ताजी थोडी स्वच्छ झाकणाच्या डबीत घ्या, आणि वजन, शेवटचे केव्हा खाल्ले, लस कोणत्या झाल्या, घरी काय पाजले हे चिठ्ठीवर लिहा. तेल पाजून झाले असेल तर तेही लिहा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका, फुप्फुसाचा आवाज ऐकायचा की नाही हे त्यांना त्यावरूनच ठरवायचे असते.